मागण्याआधी हिशेब : मंडळीत दानशीलता रुजवताना

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत तुमचं नाव कमिटीत आलं. रजिस्टर, पावतीपुस्तकं आणि कपाटाची किल्ली हाती पडली, आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, "यंदा दान वाढलं पाहिजे. पाळकसाहेबांनी एकदा दशमांशावर, मिळकतीचा दहावा भाग देण्यावर, दणदणीत उपदेश करावा." बहुतेक मंडळ्यांत कामाची सुरुवात अशीच होते, आणि माझ्या मते ती उलट्या टोकाने होते. पेटी हलकी राहते ती लोक चिकट आहेत म्हणून, असं क्वचितच असतं. बऱ्याचदा पैसा कुठे जातो हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं, किंवा जे कानावर आलं ते पटलेलं नसतं. त्यामुळे नव्याने जबाबदारी घेतलेल्यांनी उपदेशाआधी वही हातात घ्यावी.

पहिली पायरी : जुना हिशेब वाचा

मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च मागून घ्या आणि दोघातिघांनी मिळून शांतपणे वाचा. नियमित दान किती, उपकारस्तुतीचं (देवाचे आभार मानून दिलेलं) किती, खास कामासाठी गोळा झालेलं किती, हे वेगवेगळं काढा. महिन्यामहिन्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले की वर्षाची चाल दिसते. कोणत्या महिन्यांत ओहोटी लागते, सणांच्या वेळी किती भरती येते, हे कळतं. नियमित देणारी घरं किती तेही मोजा. नावं नकोत, संख्या पुरे. एकूण रक्कम चांगली दिसते, पण त्यातला मोठा वाटा चार-पाच घरांतून येतो, असं अनेकदा निघतं. ती घरं उद्या दुसरीकडे राहायला गेली तर काय, हा विचार आजच करायला हवा.

वाचताना एक गोष्ट मुद्दाम शोधा : छपरासाठी आलेला पैसा पगारात गेलाय का? मुलांच्या शिबिरासाठी दिलेलं दान वीजबिलात जिरलंय का? तसं झालं असेल तर नवीन आवाहनाचा विचारही करू नका. आधी सभेपुढे उभं राहून काय झालं ते सांगा, तो पैसा त्या त्या निधीत परत कसा भरणार ते सांगा, आणि तसं करा. यात कमिटीची नाचक्की होईल असं वाटतं. पण लोकांना बहुतेक वेळा ते आधीच ठाऊक असतं. तुम्ही बोलायची ते वाट पाहत असतात.

दुसरी पायरी : मोजणीचं टेबल नीट लावा

हे काम छोटं वाटतं म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. उपासना संपली, थैल्या आत आल्या, खजिनदार एकटाच खोलीत बसला आणि संध्याकाळी घरी पैसे घेऊन गेला. माणूस सोन्यासारखा असेल, पण ही पद्धत त्याच्यावरच अन्याय करते. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे साक्षीदार नसतो.

पद्धत साधी ठेवा. थैल्या उपासनेच्या जागेतून मोजणीच्या खोलीत जाताना त्यांच्यासोबत दोन माणसं असावीत, एका घरातली नसलेली. टेबल मोकळं, पिशव्या आणि पर्स खाली. आधी पाकिटं उघडा. पाकिटावर लिहिलेली रक्कम आतल्या रकमेशी जुळते का ते बघा, जुळली नाही तर दोघांनी पाकिटावरच सही करून खरी रक्कम लिहा. मग सुटे पैसे. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या लावा, एकाने मोजायचं, दुसऱ्याने तेच पुन्हा मोजायचं. मोजणीपत्रकावर कोणत्या नोटा किती, नाणी किती, धनादेश किती, एकूण किती, खाली दोन सह्या आणि तारीख. एक प्रत रजिस्टरला, एक खजिनदाराकडे. खर्चासाठी त्यातून एक नोटही काढायची नाही, जेवढं आलं तेवढं सगळं आधी बँकेत जातं. मोजणाऱ्यांच्या जोड्या बदलत राहा. पुढच्या महिन्याच्या जोड्या सूचनाफलकावर लावल्या तर आणखी चांगलं. शिवाय खातं मंडळीच्या नावावर आणि दोन सह्यांवर चालणारं असावं, आणि वर्षातून एकदा कमिटीबाहेरच्या जाणकाराने वह्या तपासाव्यात.

"आम्हाला एकमेकांवर विश्वास नाही का?" असं कुणीतरी म्हणेलच. त्यांच्यापुढे बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ८ वा अध्याय उघडा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा प्रेषित पौलाने एकट्याने नेला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर त्याने आणखी एक बंधू पाठवला, ज्याला मंडळ्यांनीच निवडलं होतं. एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये, प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही आपला व्यवहार चांगला दिसावा, असं कारणही तो तिथे देतो. प्रेषिताला ज्याची गरज वाटली ती आपल्याला वाटण्यात कमीपणा कसला?

२ राजे १२ मधली योवाश राजाची गोष्ट याहून जुनी. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा याजकांच्या हाती जात होता, आणि राजाच्या कारकिर्दीचं २३ वं वर्ष आलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती. राजाने आणखी दान मागितलं नाही. त्याने पद्धत बदलली. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजायचे, आणि ते थेट सुतार, गवंडी, पाथरवटांपर्यंत पोहोचायचे. मग काम झालं. नव्या कमिटीने पहिल्या बैठकीत हा अध्याय मोठ्याने वाचावा.

तिसरी पायरी : शिकवा, पण अर्धवट नको

दानावर वर्षातून एकच उपदेश, तोही पैसे कमी पडल्यावर, असं झालं की ऐकणाऱ्याला तो उपदेश न वाटता बिल वाटतं. गरज नसताना शिकवा. तीन-चार आठवड्यांची मालिका घ्या आणि पहिल्या आठवड्यात पैशाचा विषयच काढू नका. सुरुवात १ इतिहास २९ पासून होऊ शकते. दावीद राजा आणि लोक मंदिरासाठी भरभरून देतात, आणि देऊन झाल्यावर दावीद प्रार्थनेत म्हणतो की सर्व काही तुझ्यापासूनच आहे, तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं. कारभारीपणाचा पाया इथे आहे. शंभरातले दहा देवाचे आणि नव्वद माझे, ही वाटणी पवित्र शास्त्राची नव्हे. शंभरच्या शंभर त्याचे, आपण सांभाळणारे. मग वेळ, शिक्षण, घर, अंगातलं कसब, सगळंच हिशेबात येतं. मत्तय २५ मधला, धन्याने सोपवलेल्या पैशाचा हिशेब देणाऱ्या चाकरांचा दाखला त्याबद्दलच आहे.

दशमांशाचा प्रश्न येणारच. त्यावर मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत. काही ठिकाणी तो प्रत्येक विश्वासणाऱ्यावर बंधनकारक मानतात, काही ठिकाणी चांगली सुरुवात मानतात. तुमच्या मंडळीची भूमिका काय ते आधी पाळकांशी बोलून ठरवा. पण कोणतीही भूमिका असो, मलाखी ३:१० ("सगळा दशमांश भांडारात आणा") हे एकच वचन पुन्हा पुन्हा वापरू नका. गणना १८ मध्ये दशमांश लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या, उदरनिर्वाहासाठी आहे, आणि लेव्यांनाही मिळालेल्यातून दशमांश द्यावा लागतो. म्हणजे पाळक आणि कमिटीही देणाऱ्यांच्याच रांगेत उभे राहतात. अनुवाद १४ मध्ये तर दशमांश देवापुढे कुटुंबासह आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखायचा आहे. नव्या करारात येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश काटेकोर देणाऱ्यांना विचारतो की न्याय, दया आणि विश्वासूपणा कुठे गेला. आणि पौल करिंथच्या लोकांना टक्केवारी सांगतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं, एवढंच सांगतो. माझं मत विचाराल तर दशमांश मैलाचा दगड म्हणून शिकवा, त्याचा जकातनाका करू नका.

"द्या म्हणजे दसपट मिळेल" हे मात्र कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका, पाहुण्या वक्त्याच्याही नाही. ते ऐकून कर्जात बुडालेला माणूस उरलंसुरलं टाकतो, आणि काही आलं नाही की देवावर रुसतो, नाहीतर स्वतःच्या विश्वासाला दोष देतो. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दारिद्र्यात असताना दिलं. त्यानंतर त्या श्रीमंत झाल्या असं पौल कुठेही लिहीत नाही.

चौथी पायरी : घराच्या पैशाची भाषा बोला

अनेकांची देण्याची इच्छा असते, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. उपदेशाने हे सुटत नाही. एखाद्या शनिवारी घरखर्चाचा वर्ग घ्या. मिळकत, भाडं, शाळा, हप्ते, औषधं हे कागदावर मांडायला शिकवा. हप्ते जास्त असतील तर कर्ज आधी कसं कमी करायचं ते सांगा. देण्याची रक्कम महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून ठरवण्याऐवजी पगार किंवा कमाई हातात येते त्या दिवशीच वेगळी काढा, हा सल्ला व्यवहारी आहे आणि पौलाच्या "पहिल्या दिवशी बाजूला ठेवा" याच्याशी जुळतोही. ज्यांनी आजवर कधी नियमित दिलं नाही त्यांना दहा टक्क्यांचा डोंगर दाखवू नका. दोन टक्क्यांपासून सुरुवात करून दरवर्षी एक टक्का वाढवायला सांगा.

म्हाताऱ्या आईवडिलांना औषधाला पैसे न देता मंडळीत मोठं दान करणाऱ्याला शाबासकी मिळता कामा नये. मार्क ७ मध्ये येशूने नेमकं यावरच बोट ठेवलंय. तिथे लोक "हे देवाला अर्पण केलं" म्हणून आईबापांना टाळत होते.

पाचवी पायरी : आकड्यांना चेहरा द्या

अंदाजपत्रक सभेपुढे ठेवताना "प्रवासखर्च", "किरकोळ" असे मथळे असतात आणि लोक कंटाळून घड्याळ बघतात. कायद्याला लागणारं पत्रक तसंच राहू दे, पण लोकांसाठी एक पानभर वेगळं तयार करा. शंभरातले किती उपासनेवर, किती आजाऱ्यांच्या भेटींवर आणि गरजूंवर, किती मुलांवर आणि तरुणांवर, किती सुवार्ताकार्यावर, किती इमारतीवर. पाळकांचा पगार एका रकान्यात टाकण्यापेक्षा त्यांचा वेळ कशात जातो त्याप्रमाणे वाटून दाखवता येतो. दर तीन महिन्यांनी उपासनेत दोन मिनिटं एखाद्या सभासदाने बोलावं : शिबिराला गेलेल्या मुलाने किंवा रुग्णभेटीला जाणाऱ्या बहिणीने. दोन म्हणजे दोनच मिनिटं. पाच झाली की लोक दुसऱ्या वेळी ऐकत नाहीत.

सहावी पायरी : देणं सोपं करा

पेटी, थैली, पाकीट, बँक, ऑनलाइन, सगळ्या वाटा खुल्या ठेवा. खातं मात्र मंडळीच्या नावाचंच असावं. खजिनदाराच्या खासगी खात्यावर किंवा त्याच्या मोबाइल नंबरवर एकदाही दान घेऊ नका, "तात्पुरतं" म्हणूनही नको. क्यूआर कोड छापून लावला असेल तर अधूनमधून स्कॅन करून पैसे बरोबर जागी जातात का ते बघा, कारण त्यावर दुसरा कोड चिकटवण्याची फसवणूक होते.

ऑनलाइन देणाऱ्याची एक अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. थैली पुढे आली की त्याला रिकामा हात पुढे करावा लागतो आणि शेजारचा बघतो. बाकावर छोटी कार्डं ठेवा, "मी दान दुसऱ्या मार्गाने दिलं आहे" असं छापलेली. ती थैलीत टाकायची. लहान मुलंही आईबाबांना काहीतरी टाकताना बघतात, हा आणखी एक फायदा. मुलांसाठी रविवारच्या शाळेत वेगळी पेटी ठेवा आणि तिचं काय करायचं ते मुलांनाच ठरवू द्या.

वर्षाचं संकल्पपत्र काढायचं असेल तर अंदाजपत्रक दाखवल्यानंतर काढा. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात : नाव, दर आठवड्याला किंवा महिन्याला किती, आणि "परिस्थिती बदलल्यास हा आकडा मी कधीही बदलू शकतो" ही ओळ. ही ओळ असली की हात आखडत नाही. पत्रकं बंद पाकिटात घ्या, एकाच माणसाने उघडावीत, सभेला फक्त एकूण बेरीज सांगावी. कुणी पत्रक दिलं नाही म्हणून त्याच्या दारात जाऊ नका.

सातवी पायरी : कोणी किती दिलं, हे कुणाला कळावं?

देणगीदारांची रक्कम घालून छापलेली यादी भिंतीवर लावणं, उपासनेत आकडे वाचणं, कमी देणाऱ्याचं नाव शेवटी घेणं, हे सगळं बंद करा. यामुळे दान वाढतं, असा दावा करणारे भेटतील. वाढतही असेल. पण मत्तय ६ मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं सांगितल्यावर आपण ते फलकावर रंगवायचं, हे कसं चालेल?

पाळकांना आकडे माहीत असावेत का, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. मी म्हणेन, लहान मंडळीत नसावेत, कारण भेटीगाठींवर त्याची सावली पडते. याकोबाच्या पत्रातला सोन्याची अंगठी घातलेला माणूस आठवा, ज्याला "इथे चांगल्या जागी बसा" म्हटलं जातं. तरीही नोंद ठेवणाऱ्याने एक काम करावं. वर्षानुवर्षं नियमित देणाऱ्या घरातून अचानक काहीच येईनासं झालं, तर पाळकांना रक्कम न सांगता एवढंच कळवावं की "त्या घरी जाऊन या." नोकरी गेलेली असते, आजारपण आलेलं असतं, किंवा कुणाच्या तरी शब्दाने मन दुखावलेलं असतं. तिथे जाऊन दानाचा विषय काढायचा नाही.

मोठ्या देणगीसोबत अटी येतात तेव्हा घाई करू नका. "हॉलला माझ्या वडिलांचं नाव द्या" इतपत असेल तर कमिटी विचार करेल. "गायनमंडळाचा प्रमुख बदला" असं असेल तर हात जोडून परत करा. जमीन किंवा इमारत मिळत असेल तर तिच्यावर कर, डागडुजी आणि कागदपत्रांचा खर्च किती पडेल ते आधी काढा. अशा दानांसाठी एक पानाचं धोरण आधीच लिहून ठेवलं असेल तर नकार व्यक्तीला दिल्यासारखा वाटत नाही. दानाविषयीचे आपल्या देशाचे कायदे काय सांगतात तेही जाणकाराकडून समजून घ्या.

आठवी पायरी : ज्यांना द्यायला नाही

विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची (अगदी कमी किमतीच्या नाण्यांची) गोष्ट दानाच्या रविवारी हमखास येते. ती वाचताना मार्क १२ मधलं लगेच आधीचं वचनही वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांचा येशू तिथे निषेध करतो. गरिबाच्या त्यागाचं कौतुक करून आपलं छप्पर बांधण्याआधी त्या गरिबाच्या घरात चूल पेटली का ते बघायचं असतं. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या उपासनेचं जे वर्णन लिहिलंय, त्यात ज्याची ऐपत आणि इच्छा आहे तो देतो, आणि जमा झालेलं अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरलं जातं.

म्हणून अंदाजपत्रकात गरजूंसाठी वेगळा निधी ठेवा आणि तो दोन-तीन विश्वासू माणसांनी चालवावा. नावं बाहेर फुटू नयेत. शक्य असेल तिथे औषधाचं किंवा शाळेचं बिल थेट भरा. आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्या हातांना काम द्या, पण सन्मानाचं. वायरिंग जाणणारा, हिशेब कळणारा, आजाऱ्याजवळ बसू शकणारा माणूस मंडळीला जे देतो, त्याचाही वार्षिक अहवालात उल्लेख असावा.

नववी पायरी : मागणं आणि आभार

आता आवाहन. "प्रिय बंधुभगिनींनो, निधीची फार टंचाई आहे, सढळ हाताने मदत करा" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं गेलंय की त्याने काही हलत नाही. नेमकं सांगा : "लहान मुलांच्या खोलीचं छप्पर पावसात गळतं. तिघांकडून अंदाज घेतला, त्यातला मधला स्वीकारला. निम्मा पैसा निधीत आहे. उरलेला पुढच्या आठ आठवड्यांत हवा आहे. नियमित दानातून काढून यात देऊ नका, जमेल त्यांनी वेगळं द्या. दर रविवारी किती आलं ते फलकावर लिहू." काम कोणतं, खर्च कसा ठरला, मुदत किती, आणि हिशेब कुठे दिसेल, एवढं त्यात आलं की कुणाला खोदून विचारावं लागत नाही.

आभारपत्र पावतीसारखं नसावं. फिलिप्पैकरांस पत्राचा शेवट बघा. तुरुंगात असलेला पौल त्यांच्या मदतीची आठवण काढतो, थेस्सलनीकात असतानाही एकदाच नव्हे दोनदा पाठवलंत असं नेमकेपणाने लिहितो, आणि मला देणगी हवी म्हणून नाही, तुमच्या खात्यात जमा होणारं फळ हवं आहे, असं म्हणतो. तुमचं पत्र चार ओळींचं असू दे. काय झालं ते त्यात असावं, आणि पुढची मागणी त्यात मुळीच नसावी.

रक्कम पूर्ण झाली की पुढच्याच रविवारी सांगा की हे आवाहन संपलं. निर्गम ३६ मध्ये निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, लोक रोज सकाळी इतकं आणत राहिले की कारागिरांनी मोशेला सांगितलं, कामाला लागतं त्यापेक्षा जास्त झालंय, आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवून देणं थांबवलं. पेटी काढून घ्या, फलकावर शेवटचा आकडा लिहा. जास्तीचे आले असतील तर ते कशात वापरायचे हे कमिटीने आपापसात न ठरवता सभेपुढे ठेवा, आणि ज्या देणाऱ्याला ते मान्य नसेल त्याला त्याचा वाटा परत मागण्याची मुभा द्या.